सेमुक चांपेय : ग्वाटेमालाच्या जंगलातील चुनखडीच्या कुंडांकडे प्रथमच जाणाऱ्यांसाठी

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशाच्या आल्ता वेरापास प्रांतात, लांकीन गावापासून साधारण दहा-अकरा किलोमीटरवर, दाट जंगलाने भरलेल्या एका अरुंद दरीत सेमुक चांपेय हे ठिकाण आहे. काआबोन नदी येथे जवळजवळ ३०० मीटर लांबीच्या चुनखडीच्या नैसर्गिक पुलाखाली शिरते आणि पुलाच्या पाठीवर निळ्या-हिरव्या पाण्याची कुंडे पायऱ्यांसारखी उतरत जातात. छायाचित्रे पाहून तेथे जाण्याचा मोह अनेकांना होतो. पण तेथवर पोहोचण्याचा खटाटोप, पावसाचा लहरीपणा आणि निसरडे खडक यांची पुरेशी कल्पना नसल्यामुळे बऱ्याच जणांचा दिवस धावपळीत जातो. पुढील मजकूर प्रथमच जाणाऱ्यांसाठी आणि शक्यतो प्रवासाच्या क्रमाने लिहिला आहे.

आधी हे ठिकाण समजून घ्यावे

बहुतेक पाहुण्यांचा समज असा असतो की आपण नदीत पोहत आहोत. तसे नाही. नदी पुलाखालून, पायाखालच्या अंधारातून जाते. कुंडांमध्ये जे पाणी साठते ते दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारांवरील झऱ्यांचे आणि लहान ओहोळांचे असते. पावसाचे पाणी जंगलातील मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे ते किंचित आम्ल होते आणि डोंगरातील चुनखडी विरघळवत खाली येते. हे पाणी पुलाच्या पाठीवर पातळ पसरले, काठांवरून खळाळत उतरले की त्यातील वायू निसटतो आणि विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन बसतो. बोअरच्या पाण्यामुळे गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तो याच जातीचा. पाणी जेथे अधिक खळाळते तेथे, म्हणजे कुंडाच्या काठावरच, हा थर अधिक साचतो. म्हणून काठ उंचावत जातो आणि त्यामागे पाणी तुंबून कुंड तयार होते.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला निघोजचे रांजणखळगे आठवणे स्वाभाविक आहे, परंतु दोहोंची घडण उलट आहे. कुकडी नदीने बेसाल्टचा खडक कोरून, झिजवून ते खळगे केले. येथे पाण्याने खडक रचला आहे. ही रचना आजही चालू आहे आणि ताजे काठ नाजूक असतात. कोणत्या काठावर उभे राहावे, कोठे टाच आपटू नये, अंगाला काय चोळून पाण्यात उतरू नये, या पुढे येणाऱ्या सर्व सूचनांचे मूळ येथेच आहे.

पाण्याचा रंग पावसाच्या ताब्यात असतो. कोरड्या दिवसांत झऱ्याचे पाणी नितळ असते, तळाचा खडक फिकट असतो आणि त्यामुळे ऊन पडले की कुंडे फिरोजी रंगाने उजळतात. मोठा पाऊस झाला की उतारांवरून माती वाहून येते आणि तीच कुंडे गढूळ तपकिरी दिसू लागतात. नदीला पूर आला आणि पुलाखालच्या बोगद्यात पाणी मावेनासे झाले तर ते थेट कुंडांवरून वाहते. अशा वेळी पाण्यात उतरण्याचा प्रश्नच नसतो.

केव्हा जावे

साधारणपणे नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा आणि मे ते ऑक्टोबर हा पावसाचा काळ मानला जातो. आल्ता वेरापास मात्र देशातील ओलसर प्रांतांपैकी एक असल्यामुळे येथे ‘कोरडा’ हा शब्द सैलपणे घ्यावा. प्रांताचे मुख्य शहर असलेल्या कोबानच्या परिसरात थंडीच्या महिन्यांतही दिवसभर बारीक भुरभुर चालू राहते; तिला स्थानिक लोक ‘चिपी-चिपी’ म्हणतात. निवड करता येत असेल तर फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे दिवस धरावेत, पण त्यातून ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह वगळावा, कारण त्या आठवड्यात ग्वाटेमालातील कुटुंबेच्या कुटुंबे सुट्टीवर निघतात आणि कुंडांत उभे राहायला जागा शोधावी लागते. शनिवार-रविवारीही गर्दी होते. मंगळवार ते गुरुवार या दिवसांत गेल्यास सकाळचे पहिले दोन तास बऱ्यापैकी निवांत मिळतात.

जायच्या आठवड्यात दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे रस्त्याची स्थिती. नोव्हेंबर २०२० मध्ये ईटा आणि आयोटा ही चक्रीवादळे पाठोपाठ आली तेव्हा या प्रांतात मोठ्या दरडी कोसळल्या होत्या, आणि लहान दरडी तर दर पावसाळ्यात पडतात. दुसरी म्हणजे प्रवेश चालू आहे की नाही. या स्थळाला २००५ च्या कायद्याने संरक्षण मिळाले असून देशाचे संरक्षित क्षेत्र मंडळ त्याची व्यवस्था पाहते, परंतु आसपासच्या केक्ची माया या मूळनिवासी समाजाच्या गावांचा या जमिनीशी आणि येथील उत्पन्नाशी जुना संबंध आहे. त्यावरून २०१६ च्या सुमारास वाद पेटला आणि काही काळ पाहुण्यांना प्रवेश मिळत नव्हता. लांकीनमधील निवासस्थानाला एक निरोप पाठवून विचारले तर दोन्हींचे उत्तर मिळते.

व्हिसा, विमान आणि पैसा

भारतीय पारपत्रधारकांना ग्वाटेमालासाठी व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा हाती असणाऱ्यांना सवलत मिळत आली आहे. तरी नियम बदलत असल्याने तिकीट काढण्याआधी ग्वाटेमालाच्या नवी दिल्लीतील दूतावासाकडून खात्री करून घ्यावी. भारतातून थेट विमान नाही. माद्रिदमार्गे किंवा अमेरिकेतील एखाद्या शहरातून ग्वाटेमाला सिटीच्या ला आउरोरा विमानतळावर उतरता येते. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी तेथील व्हिसा लागतो, हे विसरू नये. पनामा किंवा कोलंबियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराच्या लसीच्या प्रमाणपत्राबाबतचे दोन्ही बाजूंचे नियम आधी पाहावेत, कारण भारतात परतताना या बाबतीत कडक तपासणी होते. ह्यूस्टन, डॅलस, मायामी किंवा लॉस एंजेलिसच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रवास पुष्कळ सोपा जातो. तेथून थेट विमाने आहेत.

चलन केत्साल आहे आणि एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेआठ केत्साल मिळतात. लांकीनमध्ये पैसे काढण्याची सोय बेभरवशाची आहे आणि दरीत सगळा व्यवहार रोखीचा आहे, त्यामुळे तीन दिवसांची रक्कम कोबान किंवा आंतिग्वा (राजधानीजवळचे पर्यटकांचे शहर) येथेच काढून सुट्या नोटांत ठेवावी. परदेशी पाहुण्यांसाठी प्रवेशशुल्क अलीकडच्या वर्षांत ५० केत्सालच्या आसपास राहिले आहे. १०० ची नोट पुढे केली की पिकअपवाल्यापासून चॉकलेट विकणाऱ्या मुलीपर्यंत सर्वांची सुट्यासाठी पंचाईत होते.

लांकीनपर्यंतचा रस्ता

येथवर येण्याच्या तीन रूढ वाटा आहेत. आंतिग्वाहून निघणारी पर्यटकांची शटल व्हॅन आठ ते दहा तास घेते. उत्तरेकडील फ्लोरेसहून, म्हणजे तिकालचे माया अवशेष पाहून येणाऱ्यांना जवळपास तितकाच वेळ लागतो आणि वाटेत सायाश्चे येथे पासिओन नदी ओलांडावी लागते. तिसरी वाट सार्वजनिक वाहनांची आहे : राजधानीतून ‘मोंखा ब्लांका’ कंपनीच्या बसने सुमारे २१५ किलोमीटरवरील कोबान गाठायचे, तेथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांकीनची मिनीबस पकडायची. वेळ असेल तर मी तिसरी वाट सुचवीन, कारण कोबानमध्ये मोठा बाजार आहे, एटीएम आहेत, औषधांची दुकाने आहेत, आणि अंगातला विमानप्रवासाचा शिणवटा तेथे एक रात्र झोपून निघतो.

कोबान ते लांकीन हे अंतर नकाशावर साठ-पासष्ट किलोमीटरच दिसते, पण त्याला दोन ते अडीच तास लागतात. पाहाल फाट्यापासून लांकीनपर्यंतचा उतार अरुंद आणि वळणांचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी निघण्यापूर्वी अर्धा तास गोळी घ्यावी आणि चालकामागची जागा पकडावी. खिडकीतून बाहेर पाहिले तर उतारांवर झाडांच्या सावलीत आल्यासारख्या लांब पानांची दाट झुडपे दिसतील. ते वेलदोडे आहेत. १९१४ च्या सुमारास एका जर्मन कॉफी मळेवाल्याने कोबानजवळ ही लागवड सुरू केली आणि आपल्या पश्चिम घाटात मूळ असलेल्या या मसाल्याच्या निर्यातीत ग्वाटेमाला आज जगात अग्रभागी आहे. गंमत म्हणजे येथील स्वयंपाकघरात वेलदोडा फारसा दिसत नाही. बहुतेक माल अरब देशांकडे जातो. काढणीच्या हंगामात रस्त्याकडेच्या भट्ट्यांतून येणारा वास मात्र कोणत्याही मराठी माणसाला क्षणभर चक्रावून टाकतो.

आंतिग्वाहून एका दिवसात जाऊन परत येण्याचा विचार कोणी करू नये. लांकीनला किमान दोन रात्री ठेवाव्यात : पहिला दिवस पोहोचण्यात जातो, दुसरा कुंडांचा, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघायचे.

मुक्काम आणि जेवण

गावात राहिलात तर दुकाने, खानावळी आणि पुढच्या प्रवासाची वाहने हाताशी असतात. प्रवेशद्वाराजवळ नदीवर रस्त्याचा पूल आहे, त्याच्यापाशी राहिलात तर सकाळी दार उघडताच आत जाता येते, पण संध्याकाळी निवासस्थानाच्या आवाराबाहेर करण्यासारखे काहीच नसते आणि वीज केव्हाही जाते. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर गावच बरे. मोबाइलचे जाळे दरीत जवळपास मिळत नाही, म्हणून परतीच्या गाडीचा निरोप आदल्या रात्रीच पक्का करावा.

शाकाहारी माणसाची येथे उपासमार होत नाही. काळ्या घेवड्याची उसळ, मक्याची तोर्तिया, भात, तळलेली राजेळी केळ्यासारखी मोठी केळी, अंडी आणि आवोकाडो सर्वत्र मिळतात. मात्र ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांसाशिवाय’ एवढे म्हटले की अनेकदा कोंबडी वाढली जाते, कारण बोलीत ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः गोमांस. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो’ असे म्हणावे, आणि घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला नको असेल तर ‘सिन मान्तेका’ हेही जोडावे. पाणी बाटलीबंद किंवा गाळलेलेच प्यावे. गावातील बहुतेकांची घरची भाषा केक्ची आहे, स्पॅनिश दुसरी. निघताना ‘बांत्योश’, म्हणजे धन्यवाद, एवढा एक केक्ची शब्द म्हटला तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते.

पिशवीत काय असावे

रबरी तळव्याचे, मागे पट्टा असलेले पाण्यातले बूट ही एकमेव वस्तू अशी आहे की जिच्यावाचून अडते. साध्या चपला पहिल्याच कुंडात पायातून सुटतात आणि अनवाणी पाय चुन्याच्या खरखरीत काठांवर सोलवटतात. याखेरीज लवकर वाळणारे कपडे, पाणी आत न शिरणारी गुंडाळपिशवी, डासांचे मलम, हेडलॅम्प, जलसंजीवनीची पाकिटे आणि एक जादा कोरडा जोड घ्यावा. महिलांनी पोहण्याचा पोशाखच घालावा असे बंधन नाही. टी-शर्ट आणि लेगिंग चालते, आणि स्थानिक स्त्रिया तर अनेकदा पूर्ण कपड्यांतच पाण्यात उतरतात. जाड सुती सलवार किंवा जीन्स मात्र टाळावी, कारण ती भिजून जड होते आणि काठ चढताना पायात घोटाळते. मलेरिया आणि डेंग्यू या प्रांतात आढळतात. प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

प्रत्यक्ष दिवस

लांकीनच्या चौकातून पिकअप सुटतात. बसायला जागा नसते. मागच्या हौद्यात उभे राहायचे आणि वेल्डिंग केलेल्या लोखंडी चौकटीला धरायचे. खडकाळ रस्त्यावर पाऊण तास ही कसरत चालते. गुडघे किंचित वाकवून उभे राहावे, फांद्या येतील तेव्हा डोके खाली घ्यावे आणि पाठीवरची सॅक पुढे घ्यावी. पाठीचे दुखणे असणाऱ्याने चालकाशेजारची जागा आदल्या दिवशीच सांगून ठेवावी.

प्रवेशद्वारापाशी मुले केळीच्या पानावर किंवा टोपलीत घरगुती चॉकलेट घेऊन उभी असतात. घ्यायचे असेल तर परतताना घ्यावे, कारण उकाड्यात ते पिशवीत वितळते. नको असेल तर एकदाच स्पष्टपणे ‘नो, ग्रासियास’ म्हणावे. लहान मुलांची आणि पारंपरिक वेशातील स्त्रियांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत.

तिकीट काढल्यावर पायवाट पुढे फुटते : एक सरळ कुंडांकडे, दुसरी चढून ‘मिरादोर’ नावाच्या निरीक्षणस्थळाकडे. आधी चढावे, असा माझा आग्रह राहील. अंग कोरडे असते, ऊन चढलेले नसते, आणि पोहून दमलेल्या, ओल्या पायांनी या पायऱ्या चढणे धोक्याचे आहे. चढ अर्ध्या ते पाऊण तासाचा, पण उभा आहे. काही ठिकाणी लाकडी जिना, काही ठिकाणी मुळे आणि ओला खडक. दमा, गुडघेदुखी किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी खालची वाट घेतली तर त्यांचे मोठे नुकसान होत नाही. वरून मात्र अवघी रचना एका नजरेत कळते : दोन्ही बाजूंना काळसर हिरवे जंगल, मधोमध कुंडांची निळी माळ, आणि तिच्या दोन्ही टोकांना फेसाळलेली नदी, जणू मध्ये तुटलेली. उतरताना दुसरी वाट थेट कुंडांपाशी आणून सोडते.

कपडे बदलण्याच्या खोल्या आणि शौचालये आहेत. मौल्यवान वस्तू शक्यतो निवासस्थानी ठेवाव्यात. काठावर सोडलेल्या पिशवीकडे गटातील एकाने पाळीपाळीने लक्ष द्यावे. अंगाला सनस्क्रीन, डासांचे मलम किंवा डोक्याला तेल लावून पाण्यात उतरू नये. आपल्याकडे केस कोरडे पडू नयेत म्हणून पोहण्याआधी खोबरेल थापण्याची सवय अनेकींना असते. ती येथे आवरावी. उन्हापासून बचावासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा पुरतो.

पाण्यात उतरण्याची रीत साधी आहे. काठावर बसावे, पाय आत सोडावेत, तळ लागतो का पाहावे आणि मग घसरत उतरावे. काही कुंडे कमरेएवढी आहेत, तर काहींत पुरुषभराहून अधिक खोली आहे. शिवाय एकाच कुंडात दोन पावलांवर तळ नाहीसा होतो आणि पाण्याच्या नितळपणामुळे खोली डोळ्यांना कमी वाटते. म्हणून उडी आणि सूर दोन्ही वर्ज्य समजावेत. फिकट, खरखरीत दिसणाऱ्या खडकावर पाय ठरतो. काळसर हिरवा, चकाकणारा खडक शेवाळाचा असतो आणि त्यावर उत्तम बूटही फसतात. एका कुंडातून दुसऱ्यात जाताना काठावर चालत न जाता बसून सरकावे. तेच काठासाठीही चांगले. पोहता न येणाऱ्याने लाइफ जॅकेट निवासस्थानाकडून मागून आणावे आणि उथळ कुंडांत थांबावे. काही क्षण स्थिर उभे राहिले की बोटाएवढे मासे पायाची कातडी टिपू लागतात. गुदगुल्या होतात, इजा होत नाही.

वरच्या टोकाला ‘सुमिदेरो’ आहे. येथे काआबोन नदी गर्जना करत खडकाच्या तोंडात शिरते. तुषारांमुळे भोवतालचा खडक सदैव ओला असतो आणि आत पडलेल्या माणसाला बाहेर काढण्याचा मार्ग नाही. दोरी किंवा कठडा असेल तेथेच थांबावे, त्यापलीकडे छायाचित्रासाठी एक पाऊलही टाकू नये. हीच दक्षता खालच्या टोकालाही घ्यावी, जेथे कुंडांचे पाणी पुलाच्या कडेवरून थेट नदीत कोसळते. मोठे रुग्णालय कोबानला आहे, म्हणजे पिकअप आणि मिनीबस धरून तीन तासांच्या पलीकडे.

गुहा : कोणी जावे, कोणी टाळावे

बाहेर पडल्यावर रस्त्याच्या पुलाजवळील कानबा गुहांची सफर सुचवली जाते. हातात पेटती मेणबत्ती देतात आणि वाटाड्याच्या मागे कधी कमरेपर्यंत, कधी पोहण्याइतक्या पाण्यातून आत जायचे असते. मेणबत्ती एका हाताने पाण्याबाहेर धरून दुसऱ्या हाताने पोहताना मेण बोटांवर ओघळत राहते. मध्येच लोखंडी शिडी येते, एका ठिकाणी अंधारात पाण्यात उडी मारण्याचा आग्रह होतो. निर्धास्त पोहणाऱ्याला हा अनुभव आवडेल. ज्यांना बंद जागेची भीती वाटते, ज्यांचे पोहणे कच्चे आहे किंवा ज्यांच्याबरोबर दहा-बारा वर्षांखालील मुले आहेत, त्यांनी भिडेखातर होकार देऊ नये. हेडलॅम्प आपला न्यावा, आणि आत काय काय करावे लागेल हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे. उडी नाकारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

त्यापेक्षा सौम्य पर्याय लांकीन गावाजवळच आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेल्या लांकीनच्या गुहांच्या तोंडातून लांकीन नदी बाहेर पडते. आतील वाट वटवाघळांच्या विष्ठेमुळे निसरडी आहे, पण संध्याकाळी तोंडापाशी नुसते बसून राहिले तरी पुरते : अंधार पडू लागला की वटवाघळांचे थवे कानाजवळून वारा घालत बाहेर पडतात. टोपी घालावी आणि फ्लॅश बंद ठेवावा.

परतीचा प्रवास

पुढच्या शटलची जागा आदल्या संध्याकाळी नोंदवावी, कारण गाड्या सकाळीच सुटतात आणि भरल्या की दुसऱ्या दिवसाशिवाय सोय होत नाही. ओले बूट आणि कपडे वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधावेत. येथील दमट हवेत ते रात्रीतून वाळत नाहीत. परतीचे विमान असेल त्याच दिवशी लांकीनहून निघण्याचा धोका पत्करू नये. एखादी दरड, एखादे रस्ता रोको किंवा राजधानीच्या वेशीवरची वाहतूक कोंडी यांपैकी काहीही सहज तीन-चार तास खाऊन टाकते, म्हणून विमानाआधीची रात्र आंतिग्वा किंवा ग्वाटेमाला सिटी येथेच काढावी.